पराभवाचा खरेपणा

वेदगंगेच्या कांठीं वसलेल्या आमच्या मुरगूड गांवाहून फार दूर नाहीं अशा एका खेड्याच्या यात्रेंत आम्हीं मध्यंतरीं कुस्त्यांचें मैदान पाहिलें. दुपारीं नारळावर लावलेल्या पोरांच्या कुस्त्यांनीं आरंभ झाला. ऊन उतरूं लागलें तसतसे इनामांचे आंकडे वाढत गेले, आणि दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या क्रमांकाची म्हणून आठ दिवस गाजविलेली जोड तांबड्या मातींत उतरली. हलगी कडाडली, दोघांनीं शड्डू ठोकले, मातीची चिमूट एकमेकांच्या अंगावर टाकून सलामी झाली. पुढें अर्धा तास मात्र खडाखडीवांचून कांहींच घडेना. एकानें हात धरावा, दुसऱ्यानें सोडवावा. एकानें पटास वांकावें, दुसऱ्यानें चार पावलें मागें सरावें. अखेर गर्दीच्या मागच्या कडेकडून एका म्हाताऱ्याचा आवाज उठला, "नुरा आहे, नुरा!" क्षणार्धांत तोच शब्द चोहोंकडून ऐकूं येऊं लागला. पंचांनीं कुस्ती बरोबरींत सोडविली. ती खरोखरच आधीं ठरविलेली होती, कीं दोघेही एकमेकांस भिऊन वागत होते, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. परंतु माणसें मैदानांतून उठलीं तीं, एखाद्या घरीं चोरी झाल्यावर शेजारी उठतात तशीं, हलक्या आवाजांत बोलत आणि एकमेकांची नजर चुकवीत.

परत येतांना बरोबरच्या पुतण्यानें विचारलें, "काका, अमेरिकेंत तर सगळ्याच कुस्त्या आधीं ठरलेल्या असतात. तें साऱ्या जगाला ठाऊक आहे. तरी लोक पैसे मोजून बघतात आणि खूष होतात. मग आपलीच माणसं एवढीं कां चिडलीं?" हा मुलगा हातांतल्या फोनवर त्या अमेरिकन कुस्त्या नित्य पाहतो, तेव्हां त्याचें म्हणणें माहितीचें होतें. आम्हीं त्यास परंपरा, मातीचें पावित्र्य, वडिलांची शिकवण असें कांहींबाहीं सांगितलें. तें त्यास पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचें आम्हांसही पटलें नाहीं. प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. जो खोटेपणा कोणापासूनही लपलेला नाहीं आणि ज्यापासून पाहणारास आनंदच होतो, त्यांत वाईट तें काय? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रथम त्या अमेरिकन कुस्तीचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

अमेरिकेंतील कुस्ती मुळांत सगळीच खोटी नव्हती. १९०८ सालच्या एप्रिलांत शिकागो येथें फ्रँक गॉच या आयोवा प्रांतांतील शेतकऱ्याच्या मुलानें युरोपचा विख्यात मल्ल जॉर्ज हॅकनश्मिट याशीं दोन तासांवर झुंज दिली, आणि अखेर हॅकनश्मिटनें हार कबूल केली. परंतु १९११ सालीं हीच जोड पुन्हा लागली तेव्हां हॅकनश्मिटचा गुडघा आधींच दुखावलेला होता. कुस्ती लवकर आटोपली, आणि आपण फसविले गेलों असें हजारों प्रेक्षकांस वाटलें. शिवाय खऱ्या कुस्तीचा एक मोठा दोष धंद्याच्या दृष्टीनें असा, कीं ती कधीं घटकेंत संपते, तर कधीं दोन-दोन तास दोन देह एकमेकांस बिलगून पडून राहतात. आणि कोण जिंकेल याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. ज्यास रोज नव्या शहरीं तिकिटें विकावयाचीं आहेत, त्यास अशी अनिश्चितता परवडत नाहीं. तेव्हां १९२० नंतरच्या दशकांत एड लुइस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनीं मिळून नवी व्यवस्था बसविली. पहिलवानांचा ताफाच पदरीं ठेवावयाचा, गांवोगांव फिरवावयाचा, कुस्तीस वेळेची मर्यादा घालावयाची, डोळे दिपवितील असे डाव रचावयाचे, आणि निकाल आधीं ठरवावयाचा. यांपैकीं लुइस हा स्वतः अस्सल मल्ल होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खरें करण्याची ताकद ज्याच्या अंगीं होती, त्यानेंच खोट्याची पेढी उघडली.

या पेढीच्या इतिहासांत एक मोठी विलक्षण गोष्ट घडली. १९२५ सालीं या मंडळींनीं वेन मन नांवाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूस विजेता ठरविलें. त्यास कुस्ती फारशी येत नव्हती. परंतु त्याच्या देहाकडे पाहून तिकिटें खपत. त्याच एप्रिलांत फिलाडेल्फिया येथें पोलंडचा वयस्क मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यानें त्याच्याकडून पडावें असा करार झाला. परंतु प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनीं झिबिस्कोस आपल्या बाजूस वळविलें होतें. तो आखाड्यांत उतरला आणि त्यानें करार झुगारून खरीखुरी कुस्ती केली. मन यास त्यानें पुनःपुन्हा असें चीत केलें, कीं निकाल देण्यावांचून पंचास गत्यंतर उरलें नाहीं. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. जेथें खोटें करण्याचाच करार झालेला असतो, तेथें खरें करणें हीच बेइमानी ठरते. आणि तें खरें सुद्धां पैसे घेऊनच घडतें! असत्याची ही एक खोड आहे, कीं तें एकदां व्यवहाराचा पाया झालें म्हणजे सत्यालाही तें आपल्याच रंगांत रंगवितें.

या खेळाचें खरें वैभव मात्र पुढें, दूरचित्रवाणीच्या युगांत आलें. १९५० सालीं अमेरिकेंतील शंभर घरांपैकीं सुमारें नऊ घरांत हें यंत्र होतें. १९६० सालीं तें सत्त्याऐंशीं घरांत पोंचलें होतें. आरंभींच्या त्या दिवसांत अवजड कॅमेऱ्यांस पेलतील असे खेळ थोडे होते. कुस्तीचा चौक लहान, दिवे ठराविक, खर्च अल्प. एक-दोन कॅमेऱ्यांवर काम भागे. त्यामुळें संध्याकाळ झाली कीं घरोघर कुस्ती दिसूं लागली. या कुस्तीचा सर्वांत मोठा नायक म्हणजे जॉर्ज वॅग्नर, ऊर्फ 'गॉर्जस जॉर्ज', म्हणजे आपल्या भाषेंत 'देखणा जॉर्ज'. केस सोनेरी रंगवून कुरळे केलेले, अंगावर झगझगीत झगा, पुढें एक नोकर अत्तर शिंपडीत आखाडा 'शुद्ध' करीत चाललेला, आणि मागें राजदरबारास शोभेल असें वाद्यसंगीत! तो गर्विष्ठपणें मिरवे, लबाडी करी, पंचाची पाठ वळली कीं नियम मोडी. आणि लोक त्याचा पराभव पाहण्यासाठीं गर्दी करीत. पुढें मुष्टियोद्धा महंमद अली यांनीं सांगितलें, कीं बढाईनें प्रेक्षक खेंचावे कसे हें आपण १९६१ सालीं या जॉर्जच्या तोंडून ऐकलें. १९६३ सालीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, जॉर्ज वारला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हें सारें खोटें होतें म्हणून तें वाईट, असें म्हणावें तर एक शंका सहज उद्भवते. रंगभूमीवर रोज राजे मरतात आणि पडदा पडल्यावर चहा पितात. कोंकणांतल्या दशावतारांत संकासुराचा वध होतो, आणि पहांटे तोच नट पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गांवीं चालूं लागतो. त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. मग जॉर्जनेंच काय अपराध केला? यास पहिलें उत्तर असें, कीं नाटकास नांदी असते, सूत्रधार असतो, पडदा असतो. 'आतां जें दाखवूं तें सोंग आहे' अशी कबुली आरंभींच दिलेली असते. अमेरिकन कुस्तीनें ही कबुली दिली नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं अशा कुस्तीस 'सामना' न म्हणतां 'प्रदर्शन' म्हणावें असा दंडक घातला. तरीही आखाड्यांतले लोक आपण खरेच लढतों असा बहाणा पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. त्या धंद्यांत या बहाण्यास 'केफेब' असा एक सांकेतिक शब्द होता, आणि तो बाहेरच्या माणसापुढें उच्चारावयाचा नाहीं असा शिरस्ता होता.

हा शब्द आणि आमचा 'नुरा' हा शब्द शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हींचा विषय एकच, ठरविलेली कुस्ती. परंतु केफेब हा विकणाऱ्याचा शब्द आहे. तो आपसांत कुजबुजावयाचा. नुरा हा पाहणाऱ्याचा शब्द आहे. तो मैदानांत ओरडावयाचा. एक शब्द खोट्यावर पांघरूण घालण्यासाठीं जन्मला, दुसरा तें पांघरूण ओढून काढण्यासाठीं. आमच्या भाषेंत असा शब्द आहे याचाच अर्थ असा, कीं हें पाप आम्हांस अमेरिकेनें शिकविलेलें नाहीं. तें येथेंही होतें. परंतु त्या पापास शिवी म्हणून नांव देण्याचा अधिकार आमच्या प्रेक्षकानें आपल्या हातीं ठेवला, हीही कांहीं लहानसहान मिळकत नव्हे.

असो. येथें पुतण्या म्हणेल, कीं आतां तर कबुलीही झाली आहे. तें खरें. १९८९ सालीं अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीनें न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे असें स्वतःच सांगितलें. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचा जाच चुकवावयाचा होता. खरें बोलण्याचा मुहूर्त असा लागला! परंतु मुहूर्त कसाही असो, तेव्हांपासून फसवणुकीचा आरोप टिकत नाहीं. प्रेक्षक जाणतो, दाखविणारा जाणतो, सरकारही जाणतें. मग या खेळाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें उरतें काय? उरतें असें आम्हांस वाटतें. आणि तें काय, हें समजण्यासाठीं त्याच देशांतली, त्याच काळांतली, त्याच यंत्रावरची दुसरी एक गोष्ट सांगावी लागेल.

१९५६ सालीं अमेरिकेंत 'ट्वेंटी-वन' या नांवाची एक प्रश्नोत्तरांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर फार लोकप्रिय झाली होती. स्पर्धकांस कांचेच्या कोठडींत उभें करीत आणि कठीण प्रश्न विचारीत. बरोबर उत्तरास मोठ्या रकमा मिळत. हर्बर्ट स्टेम्पेल नांवाचा एक गरिबींतला विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. वस्तुतः उत्तरें त्यास आधींच पढविलेलीं असत. कोठें अडखळावयाचें आणि कोठें घाम पुसावयाचा हें देखील शिकविलेलें असे. मग निर्मात्यांस त्याच्या जागीं अधिक देखणा, अधिक कुलीन विजेता हवासा झाला. कोलंबिया विद्यापीठ, जेथें डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत शिकले, तेथील चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण अध्यापक त्यांनीं निवडला. डिसेंबरांत स्टेम्पेलला सांगण्यांत आलें, कीं आतां तूं हरावयाचें. हरावयाचें तें कसें? तर १९५५ सालचें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक कोणत्या चित्रास मिळालें, या प्रश्नाचें उत्तर चुकून. तें चित्र होतें 'मार्टी'. स्टेम्पेलनें तें कैक वेळां पाहिलें होतें. तें त्याचें आवडतें चित्र होतें. उत्तर ओंठांवर असतां लाखों लोकांपुढें त्यानें भलतेंच नांव सांगितलें आणि तो हरला.

पुढें काय झालें? स्टेम्पेलच्या मनांतून तो प्रश्न जाईना. उत्तरें घोकून जिंकतांना त्याच्या मनास टोंचणी लागली असेल वा नसेल. त्यानें तोंड उघडलें नाहीं. परंतु जें आपणांस येतें तें येत नाहीं असें दाखवून हरावें लागलें, हें त्यास पचलें नाहीं. त्यानेंच अखेर वर्तमानपत्रांकडे आणि सरकारी चौकशीकडे धांव घेतली. व्हॅन डोरेनला एक लक्ष एकोणतीस हजार डॉलर मिळाले होते, आणि देशभर त्याचें कौतुक चाललें होतें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं त्यानें लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें सर्व कबूल केलें. १९६० सालीं अमेरिकेनें कायदा दुरुस्त करून असली ठरविलेली प्रश्नोत्तरें गुन्हा ठरविलीं.

एकच राष्ट्र, एकच दशक, एकच पेटी; एका ठरविलेल्या स्पर्धेवर हंसूं आणि दुसरीवर कायदा! सामान्यतः याचें कारण असें देतात, कीं कुस्तींतलें सोंग सर्वांस ठाऊक होतें आणि प्रश्नोत्तरांतलें नव्हतें. हें कारण खोटें नाहीं. परंतु तें पुरेसें नाहीं असें आमचें मत आहे. स्टेम्पेलकडे पाहा. खोटा विजय त्यानें पचविला. खोटा पराभव त्यास पचला नाहीं. सामान्य समजूत अशी, कीं विजय ही मिळकत आहे आणि पराभव हें नुकसान. म्हणून खोट्या स्पर्धेंत चोरी होते ती विजयाची. स्टेम्पेलची गोष्ट आम्हांस उलट सांगते. पराभव ही देखील माणसाची मिळकत आहे. मी झटलों, येथपर्यंत पोंचलों, आणि येथें मी कमी पडलों, ही आपल्याविषयींची एक खरी गोष्ट आहे; आणि ती हिरावून घेऊन तिच्या जागीं बनावट गोष्ट ठेवली तर माणूस आपली खरी मर्यादाच गमावून बसतो.

फ्रान्समधील एक विचारवंत रोलां बार्त यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहाचा आरंभच या तमाशेवजा कुस्तीपासून केला आहे. कुस्ती खरी कीं खोटी याची प्रेक्षकास पर्वा नसते; त्यास दुःख, पराभव आणि न्याय यांचें ठसठशीत चित्र पाहावयाचें असतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. निरीक्षण मोठें मार्मिक आहे, आणि आम्ही तें मान्य करतों. परंतु त्यांतच धोक्याचें मूळही आहे. त्या चित्रांत पराभव कसा दिसतो? जॉर्ज हरतो तेव्हां लोकांस वाटतें, दुष्टास शिक्षा झाली. सज्जन हरतो तेव्हां वाटतें, लबाडीनें घात केला. म्हणजे त्या आखाड्यांत हरणारा एक तर पापी असतो, नाहीं तर पीडित असतो. नुसता हरलेला असा माणूस तेथें कधींच दिसत नाहीं. प्रामाणिकपणें लढला, समोरचा वरचढ निघाला, आणि पाठ लागली, ही जगांतली अगदीं साधी आणि रोजची गोष्ट तेथें रंगवितांच येत नाहीं, कारण ती रंगविण्यांत नाट्य नाहीं. असे खेळ पाहून मुलें मारामाऱ्या करूं लागतील ही भीति पुष्कळांनीं बोलून दाखविली आहे. आम्हांस ती दुय्यम वाटते. असे खेळ पाहत वाढलेल्या मनास पराभव ओळखूंच येणार नाहीं, ही भीति आम्हांस अधिक खरी वाटते.

आतां आमच्या मातीकडे येऊं. ज्या कागलकर घाटगे घराण्यांत शाहूमहाराजांचा जन्म झाला, त्याच कागल तालुक्यांतलें आमचें मुरगूड. महाराजांनीं १९०२ सालच्या विलायतच्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि पुढें कोल्हापुरांत खासबागेचें मैदान उभें केलें. १९१२ सालीं तें पुरें झालें. त्याची रचना पाहिलेल्यास ठाऊक आहे, कीं मधला हौद उंचावर आणि भोंवतालची बैठक उतरती असल्यामुळें शेवटच्या रांगेंतल्या माणसासही जोड स्पष्ट दिसते. आमच्या कुस्तींत गुणांचा हिशेब नसे. पाठ मातीस लागली कीं निकाल झाला. म्हणजे निकाल पंचाच्या वहींत नसून पराभूताच्या पाठीवर असे, आणि तो हजारों डोळे एकदम वाचीत. हरलेला पहिलवान ती तांबडी पाठ घेऊन सर्वांच्या देखत मैदानाबाहेर येई. त्यास तोंड लपवावयास जागाच नसे. परंतु लपविण्याचें कारणही नसे. ठरल्याप्रमाणें त्याचा वाटा त्यास मिळे, आणि पुढच्या यात्रेस तो पुन्हा शड्डू ठोकून उभा राही. ज्या झिबिस्कोनें फिलाडेल्फियांत करार मोडला, तोच १९२८ सालीं पतियाळा येथें गामाविरुद्ध उतरला आणि एका मिनिटाच्या आंत चीत झाला. त्या दीर्घ आयुष्यांत त्यानें किती खोटे विजय आणि किती खोटे पराभव विकले असतील कोण जाणे. तो एका मिनिटाचा पराभव मात्र निखालस त्याचा स्वतःचा होता.

याहून जवळचें उदाहरण खाशाबा जाधवांचें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकला. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें तो सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर पैसे नव्हते. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असें सांगतात. तेथें जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह यांच्याकडून खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परत आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. गांवच्या वाटेवर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. कांस्यपदक म्हणजे तरी काय? तें हरलेल्या माणसास मिळतें. दोन माणसें आपणांहून वरचढ निघालीं, याचीच ती धातूंत कोरलेली कबुली असते. त्या बैलगाड्या जुंपणाऱ्या शेतकऱ्यांनीं 'आमचा माणूस दोघांकडून हरला' असें म्हटलें नाहीं, आणि 'आमच्या माणसावर अन्याय झाला म्हणूनच तो हरला' असेंही म्हणत ते बसले नाहींत. तो जेथें पोंचला तें स्थान खरें होतें, एवढें त्यांस पुरें होतें. त्याच सुमारास अमेरिकेच्या घराघरांत देखणा जॉर्ज सुवर्णकेश हालवीत मिरवीत होता.

येथें कोणी आम्हांवर आक्षेप घेईल, कीं तुम्ही आपल्या मातीस फार शुद्ध मानतां. तसें आम्ही मानीत नाहीं. मोठ्या पहिलवानाचें नांव राखण्यासाठीं कुस्ती बरोबरींत सोडविणें, आश्रयदात्याच्या प्रतिष्ठेपायीं एकानें हात आंखडणें, हे प्रकार आमच्याकडे झालेच नसते तर नुरा हा शब्दच लागला नसता. १९५० नंतर मुंबईंत वरळीच्या मैदानावर अमेरिकन धर्तीच्या फ्री-स्टाइल दंगली झडूं लागल्या, तेव्हां किंग काँग आणि दारासिंग यांचीं नांवें पाहण्यासाठीं आमच्या वडीलधाऱ्यांनीं वर्तमानपत्राची वाट पाहिली, आणि त्यांतलें खरें किती हा वाद चवीनें घातला. आम्हीही सोंगाचे शौकीन आहोंत. परंतु शौक एक आणि जीवनाचें माप दुसरें. सोंग पाहून आल्यावर ज्याला घरीं ठेवलेलें खरें माप पुन्हा हातीं घेतां येतें, त्याचें सोंगानें फारसें बिघडत नाहीं. प्रश्न आहे तो तें माप हरवलेल्यांचा.

आणि तें माप आपल्या घरांतून हरवत चाललें आहे, असें आम्हांस वाटतें. परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं आपल्या सुशिक्षित घरांत काय बोलणें चालतें तें आठवा. मुलास गुण कमी पडले तर पेपर कठीण होता, तपासणारा बेपर्वा होता, अमक्याच्या मुलाची ओळख होती. नाहीं तर मुलगा आळशी, उनाड, कृतघ्न. म्हणजे तो एक तर पीडित, नाहीं तर पापी. त्या अमेरिकन आखाड्याचाच न्याय! 'तूं अभ्यास केलास, दुसऱ्यांस अधिक आलें, यंदा तूं मागें राहिलास,' असें साधें वाक्य फारच थोड्या घरांत ऐकूं येतें. निवडणुकींत हरलेला 'लोकांस मी नको होतों' असें म्हणत नाहीं. कारस्थान नसतें असें नव्हे. अन्यायही घडतो, आणि तो जेथें घडेल तेथें ओरडलेंच पाहिजे. मैदानांतला तो म्हातारा ओरडला तसा. परंतु प्रत्येक पराभवास नुरा म्हणणारा हा नुरा ओळखणारा नव्हे. खरा पराभव कसा दिसतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच खोटा पराभव हेरतां येतो.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आतां असें सुचतें. माणसें चिडलीं तीं तिकिटाच्या पैशासाठीं नव्हेत. यात्रेच्या मैदानास तिकीटच नव्हतें. वर्षांतून एकदां, आपल्यांतलाच एक जण सर्वांसमोर खरोखर हरतो आणि तरीही आपल्यांतलाच राहतो, हें पाहण्यास तीं आलीं होतीं. तें त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. शेत बुडालेला, नोकरी न लागलेला, लग्न मोडलेला असे कितीतरी जण त्या गर्दींत असतील. त्यांस तें पाहण्याची आमच्या पुतण्याहून अधिक गरज होती.

खरें पाहतां तें त्या दिवशीं दिसलें होतें. परंतु दुपारीं, मैदान अर्धें रिकामें असतांना. नारळावरच्या एका कुस्तींत दहा-बारा वर्षांच्या एका पोराची पाठ लागली. जिंकलेल्यास कोणीतरी खांद्यावर घेऊन गेलें. हरलेला उठून आपल्या वस्तादापाशीं आला. डोळे भरले होते, परंतु रडला नाहीं. वस्तादानें त्याची समजूत घातली नाहीं, किंवा त्यास रागेंही भरलें नाहीं. "डावा पाय पुढं राहिला तुझा," एवढेंच तो म्हणाला. पोरानें मान हालविली, आणि अंगाची माती तशीच ठेवून हौदाच्या कडेला पुढची कुस्ती बघत बसला. तेव्हां आमचा पुतण्या आमच्या शेजारींच होता, आणि त्याचे डोळे हातांतल्या फोनवर होते. पुढच्या यात्रेस त्यास दुपारींच घेऊन जावयाचें आम्हीं ठरविलें आहे.